निम्मं शेण

धुळे
१२ फेब्रुवारी १९८५

ती. अक्कास, लीलाधरचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्रात निम्मं पान शिव्या होत्या आणि निम्मं पान ‘वेळेवर जेवतोस ना’ हे होतं. दोन्ही पोचलं. बातमी पक्की झाल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उशीर झाला. आता पक्की आहे. आपल्या गावाला सामुदायिक गोबर गॅस मंजूर झाला! साहेब म्हणाले, “लीलाधर, तुझंच गाव आहे, तूच उभा राहून करून घे.”

मारुतीच्या पारामागं ती पडीक जागा आहे ना, तिथं मोठा खड्डा बांधायचा आणि त्यावर लोखंडी टाकी उपडी बसवायची. गावभरचं शेण तिच्यात. तिथून नळीनं घरोघर गॅस, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. कुजून बाहेर पडलेलं शेण खत म्हणून परत शेतात. धूर नाही, राख नाही, सरपणासाठी रानोमाळ हिंडणं नाही. गेले कित्येक दिवस मी घरोघर फिरून गुरं मोजतोय. गाय किती, बैल किती, म्हशी किती, वासरं निराळी. छगनभाऊंच्या गोठ्यात एका म्हशीनं मोजता मोजता मला लाथ घातली. हसू नकोस. हिशेब मात्र असा चोख जमला की साहेबांनी तो सगळ्या ऑफिसात फिरवला.

उतरतो अर्थातच सुंदरआत्याकडं. पहाटे ती चूल पेटवायला बसते, फुंकून फुंकून बेजार होते, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आई गेल्यावर तिनं आपल्या दोघांना त्याच धुरात वाढवलं. तिला टाकीचं सांगितलं तर म्हणाली, “करा भाऊ, चांगलं करा.” तिच्याकडं गुरं नाहीत, त्यामुळं नियमाप्रमाणं तिला जोडणी मिळत नाही. पण टाकीच्या समितीत आपलेच लोक आहेत, काहीतरी जमवीनच.

भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा लाथ खाल्लेला भाऊ,
लीलाधर


मेहरूण, जळगाव
४ मार्च १९८५

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

म्हैस शहाणी निघाली म्हणायची. मी जिल्ह्याच्या गावी राहते, सिलिंडरसाठी नाव नोंदवून चौथं वर्ष चाललंय, रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून दगडावर बसते, आणि माझ्या माहेरी नळीनं गॅस येणार! हे डाळ मिलमध्ये सगळ्यांना सांगत सुटलेत. मिलचे मालक गौतमचंदशेठ म्हणाले म्हणे, “मेव्हण्याला सांगा, एक नळी जळगावपर्यंत ओढ.”

कौतुक झालं, आता ऐक. त्या गॅसवर भाकरी फुगते का? कळण्याची भाकरी जाड असते, तिला खालून निखारा लागतो. भरिताची वांगी कशावर भाजायची? तुम्ही पुरुष गुरं मोजता, पण आधी बायकांना हे विचारा.

आणि आत्याचं काय? ती पाच घरचे गोठे झाडते. झाडणारीला निम्मं शेण, हे आजीच्याही आधीपासून चालत आलंय. कुणी कागदावर लिहिलेलं नाही, पण कुणी मोडलेलंही नाही. त्या निम्म्याच्या ती गोवऱ्या थापते, कुंभारवाड्यात आणि धुळ्यात विकते, आणि त्यावर तिचं घर चालतं. तुझ्याकडून ती एक पैसा घेत नाही, माझ्याकडून लुगडंसुद्धा घेत नाही. गावभरचं शेण टाकीत गेलं तर ती काय थापणार? तू तिला विचारलंस का? ‘करा भाऊ’ म्हणजे विचारणं नव्हे. आत्याला आपल्याला ‘नको’ म्हणता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. हट्टानं ताटातली शेवटची चानकी, एवढीशी भाकरी, मागितलीस तरी द्यायची.

तिचं आधी कर, मग टाकी बसव.

अक्का


धुळे
२७ ऑक्टोबर १९८५

ती. अक्कास नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दिवाळी तोंडावर आली. रागावू नकोस. सिमेंट वेळेवर नाही, टाकी जोडणारा मिस्तरी मध्येच पळाला, पावसात खड्डा भरला. पण शेवटी झालं! दसऱ्याला गॅस पेटला. छगनभाऊंच्या यशोदावहिनींनी पहिला चहा केला. निळी ज्योत, धुराचा पत्ता नाही. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या, एकदोघी तर शेगडीच्या पाया पडल्या. अक्का, मला रडू आलं. एवढ्या वर्षांत केलेल्या कामाचं काही दिसलं असं पहिल्यांदा वाटलं.

भाकरी फुगते. कळण्याचीसुद्धा. भरिताचं तू म्हणालीस ते खरं निघालं, पण ते होळीपर्यंत बघू.

आत्याचं मी विसरलो नव्हतो. समितीत झुलालनाना अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, पाटीभर शेण जरी बाहेर गेलं तरी टाकी उपाशी राहील, एकाला सूट दिली की दहा जण मागतील. माझ्या हिशेबातही गावचं सगळं शेण धरलेलं आहे, निम्मं नाही. म्हणून ठराव झाला की सगळं शेण टाकीवर आणायचं, तिथं वजन करायचं, आणि ज्याचं जितकं शेण त्याला तितका गॅस. सुपडूला पगारावर ठेवलंय, तो तिथं काटा घेऊन बसतो. मी आत्याला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बरं व्हयनं.” आणि खरं सांगू, तिनं आता किती दिवस शेणात हात घालायचे? साठी आली. मी महिन्याला काही देत जाईन म्हटलं तर हसली. आता तिला जरा आराम मिळेल.

दिवाळीला यायचं जमेल असं वाटत नाही. बघायला दुसऱ्या गावांची माणसं येताहेत, त्यांना टाकी दाखवावी लागते.

लीलाधर


मेहरूण
२ डिसेंबर १९८५

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

आत्या आलीय. न कळवता, एकटी, एसटीनं. बरोबर एक बोचकं. “माले काय व्हयनं? पोरना घर चार दिन ऱ्हावाले वनी,” म्हणाली. मीही खूश झाले. मग बोचकं सोडलं तर आत तिचा पितळी तांब्या, आजीचं उलथनं, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. चार दिवस राहायला येणारी बाई देव घेऊन येते का रे?

विचारलं तर काही सांगत नाही. तुझं कौतुक करते. निळी ज्योत कशी दिसते ते छोटीला सांगते. पण जेवताना दुसरी भाकरी घेत नाही. “भूक नही,” म्हणते. काल पहाटे उठले तर घरात नाही. शोधायला गेले तर पलीकडच्या गवळ्याच्या गोठ्यात झाडू मारत होती. गवळ्याला वाटलं मीच पाठवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरून आणली तर म्हणते, “फुकट कशी खाऊ माय?”

मला खरं काय ते लिही. तिकडं काय झालं?

अक्का


धुळे
१४ डिसेंबर १९८५

ती. अक्कास नमस्कार.

तू उगाच काळजी करतेस. आत्याला थंडी बाधत असेल. यंदा इकडं थंडी फार आहे, पांझरेकाठी पहाटे बोटं वळत नाहीत. आपल्या माणसांत राहावंसं वाटलं तर त्यात काय वाईट? लाड कर तिचे. गोठ्याचं म्हणशील तर सवय आहे, दुसरं काही नाही.

मी इथं दुसऱ्याच फेऱ्यात आहे. थंडीत गॅस कमी होतो हे आम्हाला माहीत होतं, पण इतका? सकाळच्या दोन तासांचा पाऊण तास झालाय. नळीत पाणी साठतं, ते काढायला कुणी येत नाही. मुख्य म्हणजे शेणच येत नाही. माझ्या मोजणीप्रमाणं जितकं यायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा काट्यावर येत नाही. गुरं तीच आहेत, मी पुन्हा जाऊन मोजली. मग शेण जातं कुठं? माझी खात्री आहे, लोक चोरून गोवऱ्या थापताहेत. सुपडूला म्हटलं, वाड्यावाड्यांत फिरून बघ, भिंतीवर गोवरी दिसली की नाव सांग.

लोकांना चांगलं करून दिलं तरी पचत नाही बघ.

लीलाधर


मेहरूण
९ जानेवारी १९८६

लीलाधर,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, तरी देते.

तुझं शेण कुठं जातं ते मला इथं कळलं. आपल्या गावचा भाईदास मिलमध्ये तूर घेऊन आला होता. ह्यांनी त्याला जेवायला घरी आणलं. आत्या देवळात गेली होती म्हणून तो मोकळा बोलला.

तुझा ठराव झाला तसं आत्याचं, कुंदाबाईचं आणि आणखी चौघीपाचजणींचं निम्मं शेण बंद झालं. मालक म्हणाले, झाडा पण शेण सगळं टाकीवर न्या. बदल्यात काय? काही नाही, गावाचं काम आहे. बायांनी पंधरवडाभर तेही केलं. आत्या करत होती बरं का, तुझं काम म्हणून. पाच गोठ्यांचं शेण डोक्यावर घेऊन पारामागं टाकत होती, आणि तिच्या नावावर गॅस नाही, कारण शेण छगनभाऊंचं! घरात जळण नाही तेव्हा कपाशीच्या वाळल्या काड्यांवर एक वेळ रांधत होती. मग घरात पीठही राहिलं नाही. कुंदाबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. आत्या इकडं आली.

आता गोठे कोण झाडणार? यशोदावहिनी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन पारावरून जातील, सासऱ्यादिरांसमोरून? जन्मात गेल्या नाहीत. छगनभाऊ नेतील? भाईदास म्हणाला, “शेण उचलनं हाई काय मानूसनं काम शे?” म्हणून गोठ्यातलं शेण गोठ्याच्या मागं उकिरड्यावर ढकललं जातं. तिथं तुझं शेण आहे. कुणी चोरलेलं नाही. सुपडूला भिंती बघायला नको पाठवूस.

तू घरोघर जाऊन गुरं मोजलीस. शेण कोण उचलतं हे एकाही घरात विचारलं नाहीस. आणि ते घर तर तुझ्या डोळ्यांसमोर होतं, तिथंच तू रोज जेवत होतास.

आत्याला मी काही बोललेले नाही.

अक्का


धुळे
२५ फेब्रुवारी १९८६

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला धीर होत नव्हता.

मी गावात जाऊन समिती बसवली. म्हटलं, निम्मं शेण बायांना परत द्या, टाकी लहान चालेल, निम्म्याच घरांना गॅस देऊ. ज्यांच्या घरी जोडणी आहे ते उठून उभे राहिले, आमची तोडणार का म्हणून. मग म्हटलं, बायांना वाहून आणायची मजुरी द्या. ती कुठून द्यायची? गॅसची जी पट्टी ठरलीय ती सुपडूलाच पुरत नाही, आणि वाढवतो म्हटलं तर लोक म्हणतात, सरपण फुकट मिळतं. ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, अनुदान बांधायला असतं, चालवायला नसतं. टाकी बांधून झाली की आपलं उद्दिष्ट पूर्ण. वर्षाच्या आकड्यांत आपलं गाव ‘यशस्वी’ म्हणून गेलेलंही आहे.

अक्का, आत्याला विचार, ती परत येईल का? मी माझ्या पगारातून देईन. टाकीसाठी नको, तिच्या घरासाठी. दार बंद बघून मला त्या गल्लीतून जाववत नाही.

लीलाधर


मेहरूण
११ मार्च १९८६

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

विचारलं. म्हणाली, “तठे जाईसन कोना जीववर बसू? हातले काम ऱ्हायनं ते जासू.” तुझा पगार तिला नको. तिला तिचे गोठे हवेत, तिचं निम्मं हवं, तिच्या भिंतीवर तिच्या हाताच्या गोवऱ्या हव्यात. ते आणता येत असेल तर आण, ती उद्याच्या गाडीनं निघेल. बोचकं अजून तिनं पूर्ण सोडलेलं नाही. तांब्या तेवढा वापरते, बाकी बांधलेलंच आहे.

इथं एकाच खोलीत आम्ही चौघं. रात्री कूस बदलताना ती श्वास रोखून धरते, आम्ही जागे होऊ नये म्हणून. मला ते कळतं आणि मी झोपेचं सोंग घेते.

अक्का


धुळे
१८ जून १९८६

ती. अक्कास नमस्कार.

टाकी बंद पडली. एप्रिलपासून गॅस अर्धा तास, मग एक दिवसाआड, मग नाहीच. उन्हाळ्यात शेण कालवायलाच पाणी नाही. विहिरी आटल्या, लोकांनी गुरं नातलगांकडं धाडली, काहींनी बाजारात काढली. लोखंडी टाकी एका बाजूला कलून अडकली आहे, खालून गंज चढलाय. मिस्तरीला बोलवायचं तर समिती कुठे आहे? झुलालनाना म्हणतात, “तुमनी टाकी, तुम्हीच दखा.” नळ्या काहींनी काढून दुसरीकडं वापरल्या. सगळीकडं पुन्हा चुली. यशोदावहिनींनी शेगडी माळ्यावर टाकली. मला बघून त्यांनी मान फिरवली, तेवढंच.

मला वाटलं, निदान एक होईल. टाकी नाही तर ठराव नाही, ठराव नाही तर आत्याचं निम्मं शेण तिला परत. छगनभाऊंकडं गेलो, हात जोडले. ते वाईट माणूस नाहीत, पण म्हणाले, “लीलाधरभाऊ, तूच तर काटा बसाडा. शेणले किंमत शे हाई तूच शिकाडं. आते फुकट कसं देऊ?” वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर येतो, पाचही गोठ्यांचं शेण उचलून नेतो, रोख देतो. गोठे झाडायला त्याचीच माणसं. पाचही घरी एकच उत्तर. निम्मं शेण ही गोष्टच गावातून गेली, अक्का. ती मोडायला आमचा एक ठराव पुरला आणि परत आणायला आता कुठलाच ठराव चालणार नाही.

माझी बदली झाली आहे, अक्कलकुव्याकडं. तिथंही टाक्या बांधायच्या आहेत. उद्दिष्ट आलंय.

रुजू होण्याआधी जळगावला येतो. आत्याच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगून टाकतो. टाकी बंद पडली, तुझं घर मी मोडलं, आणि हाती काहीच लागलं नाही. तिनं मला दोन थोबाडीत दिल्या तर बरं वाटेल. २९ तारखेच्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघू का? लगेच कळव.

लीलाधर


मेहरूण
२३ जून १९८६

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाल्याबरोबर लिहितेय, कारण रविवारच्या आत तुला मिळायला हवं.

छगनभाऊंचं वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. आत्याला आता गावी जाता येणार नाही हे मी मनाशी मान्य केलंय. तिलाही आतून कळलं असावं. परवा तिनं बोचकं सोडलं, अन्नपूर्णा माझ्या देवांत मांडली आणि उलथनं माझ्या फडताळात ठेवलं. मी मोरीत जाऊन पदरानं तोंड पुसून आले.

तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि इतक्यात जाणारही नाही. पण तो माझा आहे. आत्याचा नाही.

तुला मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं. भाईदास जे सांगून गेला ते मी तिच्यापाशी कधी काढलं नाही. तुझी पत्रं वाचून दाखव म्हणते तेव्हा मी मधल्या ओळी सोडून वाचते. टाकी अडखळते आहे हेसुद्धा तिला ठाऊक नाही. नळावर पाणी भरायला जाते ना, तिथं बाया विचारतात, आत्याबाई, गाव सोडून इकडं कशा आलात? काल मी मागं उभी होते, तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “मन्ही रोजी गयी ते गयी. पन गावन्या बठ्ठ्या सुनासनी चुल्हानी कटकट गयी ना! मन्हा लीलाधरनी करी दखाडं.” असं म्हणताना तिची मान अशी ताठ होती की तशी मी तिची मान आई गेल्यापासून पाहिली नव्हती.

या एका गोष्टीवर ती माझ्या खोलीत दिवस काढतेय. आपलं गेलं ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं, एवढंच तिच्यापाशी उरलंय. तुला पायांवर डोकं ठेवून मोकळं व्हायचंय हे मला समजतं. तू मोकळा होशील रे, पण तिच्याकडं मग काय राहील?

तुला बघितल्याबरोबर ती पहिलं हेच विचारील, गॅस चालू शे ना भाऊ? तिच्या डोळ्यांत बघून ‘चालू आहे’ असं म्हणता येणार असेल तर रविवारी ये, मी भाकरी टाकून ठेवते. येणार नसेल तर परस्पर अक्कलकुव्याला जा. मी सांगेन, कामात आहे.

तुझी,
अक्का